उरलेल्या पेशींचा हिशेब

राहात्याच्या वस्त्यांवर, पेरूबागांच्या कडेला, अंगणात सदाफुली हमखास दिसते. तिच्या कडू पाल्यातून विन्क्रिस्टिन हे औषध निघतं. टनावारी पाला वाळवावा तेव्हा कुठे मोजके ग्रॅम हाती लागतात. रक्ताच्या कर्करोगावर ते साठ वर्षं वापरात आहे, पण एकटं कधीच पुरलं नाही.

कारण आकडेमोडीत आहे. या कर्करोगाचं, म्हणजे ल्युकेमियाचं, निदान होतं तेव्हा अंगात सुमारे एक लाख कोटी बिघडलेल्या पेशी असू शकतात. समजा, दहा लाखांतली एक पेशी औषधाला दाद देत नाही. बाकी सगळ्या मेल्या तरी दहा लाख उरल्या. सूक्ष्मदर्शकाखाली रक्त स्वच्छ दिसतं, घरी पेढे वाटले जातात आणि काही महिन्यांनी आजार उलटतो, तोही त्या औषधाला न जुमानणारा. वेगळ्या जागी घाव घालणारं दुसरं औषध जोडलं, तर हिशेबाने एखादीच पेशी वाचते. तीही नको म्हणून तिसरं, चौथं.

अमेरिकेत फ्राय आणि फ्रायराइश या डॉक्टरांनी 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला ल्युकेमिया झालेल्या मुलांना चार औषधं एकत्र दिली, तेव्हा त्यांच्यावर टीकेची झोड उठली. रक्त स्वच्छ झालं; आजार मात्र मेंदूभोवतीच्या द्रवातून परतला, कारण तिथे औषध पोचतच नव्हतं. म्हणून आता मणक्यातही इंजेक्शन देतात.

मुंबईच्या टाटा रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी आणि सहकाऱ्यांनी 1984 पासून ‘एमसीपी 841’ ही बहुऔषधी पद्धत राबवली. दिल्ली आणि चेन्नईतही ती वापरली गेली.

उलटलेल्या आजारावर नवी जोडी तपासणं अधिक नाजूक. रुग्ण आधीच्या उपचारांनी खंगलेला, आणि त्रास झाला तर दोष कोणत्या औषधाचा? म्हणून बहुधा एकाचा डोस कायम ठेवून दुसऱ्याचा वाढवतात. आधी तिघांना कमी डोस. निभावलं तर पुढच्या तिघांना थोडा जास्त. एकाला गंभीर त्रास झाला तर त्याच डोसवर आणखी तिघं. दोघांना झाला की माघार. विन्क्रिस्टिनने हातपाय मुंग्या येऊन बधिर होतात, पण हाडांतली मज्जा बरीचशी वाचते. म्हणूनच मज्जेला झोडपणाऱ्या औषधांशी त्याची जोडी जमते.

आयआयटी मुंबई आणि टाटाने मिळून घडवलेल्या ‘नेक्सकार 19’ या उपचाराला ऑक्टोबर 2023 मध्ये परवानगी मिळाली. यात रुग्णाच्याच टी पेशी, म्हणजे रोगप्रतिकारक पेशी, बदलून परत देतात. 2025 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आजार उलटलेल्या किंवा उपचार लागू न पडलेल्या रुग्णांपैकी सुमारे 73 टक्क्यांना प्रतिसाद मिळाला. पण या पेशी देण्याआधी त्यांना जागा करून द्यायला फ्लुडाराबिन आणि सायक्लोफॉस्फामाइड ही जुनी जोडगोळीच सहसा लागते.