विश्लेषण : न उठणारा प्रेक्षक देशद्रोही कसा ठरतो?

पणजीतील एका मल्टिप्लेक्समध्ये राष्ट्रगीत सुरू असताना एका प्रेक्षकाला मागच्या रांगेतून मारहाण झाली. तो उभा राहिला नाही, एवढेच कारण. मणक्याच्या दुखापतीमुळे त्याला उभे राहता येत नव्हते, हे मारणाऱ्यांना ठाऊक नव्हते. २०१६ मध्ये हा प्रकार उघड झाला, त्यानंतर काही आठवड्यांतच सर्वोच्च न्यायालयाने देशभरातील चित्रपटगृहांत राष्ट्रगीत सक्तीचे केले. देशप्रेमाची सक्ती करता येते का, हा प्रश्न तेव्हापासून आजवर पूर्णपणे मिटलेला नाही.

चित्रपटगृहात राष्ट्रगीत आले कसे?

१९६२ च्या चीन युद्धानंतर चित्रपट संपल्यावर राष्ट्रगीत लावण्याची पद्धत पडली. पण खेळ संपला की प्रेक्षकांना घराचे वेध लागत. राष्ट्रगीत सुरू असतानाच लोक दाराकडे निघत. त्यामुळे पुढील दशकात ही पद्धत मागे पडली. महाराष्ट्राने २००३ मध्ये ती पुन्हा आणली, मात्र या वेळी चित्रपटाच्या आधी. प्रेक्षक जागेवरच असतात, हा त्यातला व्यवहार.

त्याच वर्षी मध्य प्रदेश उच्च न्यायालयात ‘कभी खुशी कभी गम’ या चित्रपटाविरोधात याचिका आली. त्यातील राष्ट्रगीताच्या प्रसंगी भोपाळमधील एक प्रेक्षक उभे राहिले, तर मागच्यांनी त्यांना ‘खाली बसा’ म्हणून हटकले. न्या. दीपक मिश्रा यांच्या खंडपीठाने तो प्रसंग वगळेपर्यंत चित्रपट दाखवू नये, असा आदेश दिला. पुढे सर्वोच्च न्यायालयात तो टिकला नाही. १३ वर्षांनी त्याच याचिकाकर्त्याची नवी याचिका सर्वोच्च न्यायालयात न्या. मिश्रा यांच्याच खंडपीठापुढे आली आणि ३० नोव्हेंबर २०१६ रोजी सक्तीचा आदेश निघाला.

या आदेशात काय होते?

प्रत्येक खेळाआधी राष्ट्रगीत, पडद्यावर तिरंगा, सर्वांनी उभे राहायचे आणि राष्ट्रगीत सुरू असताना दारे बंद ठेवायची. दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात १९९७ च्या आगीत ५९ जणांचा जीव गेला होता, बाहेर पडायच्या वाटा अडलेल्या होत्या. त्या पार्श्वभूमीवर दारांची अट धक्कादायक होती. दारांना कड्या घालणे अपेक्षित नाही, असा खुलासा न्यायालयाला काही दिवसांतच करावा लागला. अपंगांना उभे राहण्यातून सूटही तेव्हाच मिळाली. त्याच डिसेंबरात केरळच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात न उठलेल्या काही रसिकांना पोलिसांनी ताब्यात घेतले.

ऑक्टोबर २०१७ मधील सुनावणीत न्या. धनंजय चंद्रचूड यांनी, लोकांनी देशभक्ती सतत अंगावर मिरवण्याची गरज काय, असा प्रश्न केला. शेवटी ९ जानेवारी २०१८ रोजी न्यायालयाने सक्ती मागे घेतली. राष्ट्रगीत लावणे ऐच्छिक झाले; लावले तर मात्र आदर दाखवणे बंधनकारक राहिले.

कायदा काय सांगतो?

१९७१ च्या राष्ट्रीय सन्मान अवमान प्रतिबंध कायद्यानुसार राष्ट्रगीत गाण्यास हेतुपुरस्सर अडथळा आणणे किंवा ते गाणाऱ्या सभेत व्यत्यय आणणे हा गुन्हा आहे. त्यासाठी ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. शांतपणे बसून राहण्याचा उल्लेख या कलमात नाही. उभे राहण्याची अपेक्षा केंद्र सरकारच्या सूचनांमध्ये आहे. त्याच सूचना असेही सांगतात की माहितीपटात किंवा वार्तापटात राष्ट्रगीत आले तर उठू नये, कारण गोंधळ होतो. भोपाळचा वाद मुळात इथेच संपायला हवा होता.

याहून महत्त्वाचा निकाल १९८६ चा. केरळमधील एका शाळेत ‘यहोवाचे साक्षीदार’ या ख्रिस्ती पंथातील तीन भावंडे राष्ट्रगीतावेळी अदबीने उभी राहत, पण धर्मश्रद्धेमुळे गात नसत. १९८५ मध्ये त्यांना शाळेतून काढण्यात आले. मुलांनी कोणताही अनादर केला नव्हता, असे चौकशीत आढळले होते. तरीही उच्च न्यायालयाने दिलासा दिला नाही. सर्वोच्च न्यायालयाने (बिजो इमॅन्युएल विरुद्ध केरळ राज्य) मुलांना परत घेण्याचा आदेश दिला. अभिव्यक्तिस्वातंत्र्यात गप्प राहण्याचा हक्कही येतो, हे न्या. ओ. चिन्नप्पा रेड्डी यांचे म्हणणे आजही लागू आहे.

सक्तीतून धोका कोणता?

याच पंथाचा अमेरिकेतील अनुभव अधिक कटू आहे. १९४० मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने शाळेत ध्वजवंदनाची सक्ती योग्य ठरवली. युरोपात युद्ध पेटलेले होते, देशात संशयाचे वातावरण होते. निकालापाठोपाठ या पंथाच्या लोकांवर जमावाचे हल्ले झाले. अवघ्या तीन वर्षांत, १४ जून १९४३ रोजी, न्यायालयाने स्वतःचाच निकाल फिरवला. तो दिवस अमेरिकेचा ध्वजदिन होता आणि महायुद्ध ऐन भरात होते.

पणजीत आणि अमेरिकेत घडले ते एकाच जातीचे. सरकारने खूण ठरवून दिली की ती तपासण्याचे काम शेजारचा माणूस स्वतःकडे घेतो. त्याला समोरच्याचे मन दिसत नाही, फक्त गुडघे दिसतात.

मग देशप्रेमाचे मोल काय?

ते कमी नाही. १९६५ मध्ये पाकिस्तानशी युद्ध आणि धान्यटंचाई एकत्र आली. गहू अमेरिकेकडून येत होता. पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी आठवड्यातून एक वेळचे जेवण सोडण्याचे आवाहन केले. सोमवारी संध्याकाळी असंख्य घरांत चूल पेटली नाही, हॉटेले बंद राहिली. हा कायदा नव्हता, घराघरांत जाऊन कोणी ताटे तपासत नव्हते. अनोळखी माणसासाठी पोट मारण्याची ही तयारी केवळ कायद्याने आणता येत नाही.

राष्ट्रगीताच्या कवीलाही हा फरक नेमका ठाऊक होता. जालियनवाला बाग हत्याकांडानंतर १९१९ मध्ये रवींद्रनाथ टागोर यांनी ‘सर’ हा किताब परत केला. त्याआधी तीनच वर्षांपूर्वी जपान आणि अमेरिकेत व्याख्याने देऊन त्यांनी राष्ट्रवादाच्या उन्मादावर कठोर टीका केली होती. ‘घरे बाइरे’ या कादंबरीत स्वदेशीच्या नावाखाली गरीब विक्रेत्यांचा विलायती माल जाळणारे कार्यकर्ते आहेत. आज अशा लेखकाला कोणत्या रांगेत बसवले असते, कोण जाणे.

सध्या स्थिती काय आहे?

२०१८ नंतरही महाराष्ट्रातील अनेक चित्रपटगृहांनी राष्ट्रगीत सुरू ठेवले. ते लागले की बहुतेक प्रेक्षक आपणहून उठतात. त्यासाठी आदेशाची गरज भासत नाही. पण २०१९ मध्ये बेंगळूरुच्या एका चित्रपटगृहात न उठलेल्या प्रेक्षकांना इतरांनी घेरून जाब विचारला आणि त्याची चित्रफीत समाजमाध्यमांवर फिरली. राष्ट्रगीत लावण्याची सक्ती तेव्हा उठून पावणेदोन वर्षे झाली होती.