जिल्ह्याच्या शाळांत परकीय भाषा : आधी आखणी, मग अध्यापन

जर्मन, जपानी, फ्रेंच या भाषा पुण्या-मुंबईच्या शाळांपुरत्याच आहेत, असा समज आता मागे पडला आहे. २०२४ साली महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरविण्याचा करार केला, आणि तेव्हापासून खेड्यातील पालकही विचारू लागले आहेत, ‘फादर, आमच्या मुलाने जर्मन शिकावी का?’ धाराशिवसारख्या जिल्ह्यात या प्रश्नाचे उत्तर कसे शोधावे, याचा विचार आम्ही येथे करीत आहोत.

या जिल्ह्याला भाषेचे निर्णय वरून येण्याचा अनुभव जुना आहे. १९४८ पर्यंत हा भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. माध्यमिक शिक्षणाचे माध्यम उर्दू होते, आणि १९१८ साली स्थापन झालेले उस्मानिया विद्यापीठही उर्दूतूनच शिकवीत असे. घरी मराठी बोलणाऱ्या मुलाला ज्ञानाच्या दारात शिरण्यापूर्वी दुसऱ्या भाषेचा उंबरठा ओलांडावा लागे. पुढे २००० साली राज्यात पहिलीपासून इंग्रजी आली. एप्रिल २०२५ मध्ये पहिलीपासून हिंदी सक्तीची करण्याचा शासन निर्णय निघाला. लोकांचा विरोध झाल्यावर जूनअखेर तो मागे घेण्यात आला व डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. विचारविनिमय आधी न झाल्यास तो नंतर करावाच लागतो, हा त्यातील धडा आहे.

याउलट उदाहरण मराठवाड्यातच आहे. छत्रपती संभाजीनगरजवळच्या गाडीवाट येथील जिल्हा परिषद शाळेने २०१९ मध्ये चौथी ते आठवीच्या मुलांनाच विचारले, ‘तुम्हाला कोणती भाषा शिकायची आहे?’ मुलांना यंत्रमानव व तंत्रज्ञान यांची ओढ होती. त्यांनी जपानी निवडली. २०२० च्या टाळेबंदीत एका जाणकाराने ऑनलाइन वर्ग विनामोबदला घेतले, आणि ज्यांच्याकडे मोबाइल होता त्या मुलांनी तो नसलेल्या सोबत्यांना शिकवले. प्रयोग कौतुकास्पद होता. परंतु एका स्वयंसेवकाच्या सद्भावनेवर संपूर्ण जिल्ह्याची योजना उभी राहू शकत नाही. त्यासाठी आखणी लागते, आणि आखणीत निदान चार प्रश्नांची उत्तरे हवीत.

पहिला प्रश्न : मुले कोण आहेत? उमरगा भागात काही घरांत कन्नड बोलली जाते. तांड्यावरील मुलांची घरची भाषा गोरमाटी असते. त्यांच्यासाठी शाळेतील मराठी हीच दुसरी भाषा आहे. ऊसतोडीस जाणाऱ्या कुटुंबांतील मुले हंगामात शाळेपासून तुटतात. भाषा रोजच्या सरावाने येते. म्हणून अशा मुलांना परतल्यावर पुन्हा सामील करून घेण्याची सोय आधीच ठरवावी लागेल.

दुसरा प्रश्न : कोणती भाषा आणि कशासाठी? राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये कोरियन, जपानी, थाई, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश, पोर्तुगीज, रशियन या भाषा माध्यमिक स्तरावर उपलब्ध करून देण्याचे म्हटले आहे. प्रत्येक शाळेने सर्व भाषांच्या मागे लागणे व्यर्थ आहे. एका तालुक्याने एकच भाषा निवडून ती नीट शिकवावी, असे आम्हाला वाटते.

तिसरा प्रश्न : शिक्षक कोठून येणार? प्रत्येक गावात जर्मन शिक्षक मिळणार नाही. केंद्रातील चार-पाच शाळांसाठी एक शिक्षक नेमता येईल, किंवा आवड असलेल्या विद्यमान शिक्षकास सेवाकाळात प्रशिक्षण देता येईल. मात्र त्याची बदली होताच वर्ग बंद पडू नये, म्हणून प्रत्येक ठिकाणी दोघे तयार करावेत.

चौथा प्रश्न : वेळ किती? युरोपात भाषाज्ञानाच्या ए१ ते सी२ अशा सहा पायऱ्या मानतात. परिचारिकेला जर्मनीत मान्यता मिळण्यासाठी सामान्यतः बी२ ही चौथी पायरी लागते, आणि तेथे पोहोचण्यास सहाशेहून अधिक तासिका लागतात. आठवड्यास दोन तासिका व वर्षास पस्तीस आठवडे धरले, तर वर्षाला सत्तर तासिका होतात. आठवी ते दहावी मिळून दोनशे दहा. म्हणजे मूल फार तर दुसऱ्या पायरीपर्यंत येईल. हा पाया मोलाचा आहे, परंतु तो नोकरीचा परवाना नव्हे. पालकांना हे स्पष्ट सांगणे आमच्या मते योजनेचा पहिला नैतिक नियम आहे. कोरडवाहू शेतीतून फी भरणाऱ्या बापाला खोटी आशा दाखवणे हे पाप आहे.

ख्रिस्तसभेला भाषेचा विषय परका नाही. १५७९ साली गोव्यात आलेले इंग्रज येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स यांनी येथील भाषा शिकून मराठीत ‘क्रिस्तपुराण’ रचले. ते १६१६ मध्ये छापले गेले. त्याच गोव्यात १६८४ साली पोर्तुगीज सत्तेने कोकणीच्या वापरावर बंदी घालणारा हुकूम काढला. एकाने दुसऱ्याची भाषा प्रेमाने आपलीशी केली, दुसऱ्याने आपली भाषा बळाने लादली. आम्ही सेमिनरीत लॅटिन शिकलो, तिने आम्हाला पुष्कळ दिले; तरी मिस्सा मराठीत झाल्यावरच आमच्या माउल्यांना प्रार्थनेचा अर्थ पूर्ण उमगला.

पेंटेकॉस्टच्या दिवशी यरुशलेमेत जमलेल्या प्रत्येकाने देवाची महत्कृत्ये आपापल्या भाषेत ऐकली. पवित्र आत्म्याने कोणाचीही भाषा हिरावून घेतली नाही. आमच्या शाळांतही परकीय भाषा मराठीच्या, कन्नडच्या, गोरमाटीच्या जागी नव्हे, तर त्यांच्या सोबत यावी. शाळांच्या व्यवस्थापन समित्यांनी व धर्मग्रामांतील पालकांनी नवे शैक्षणिक वर्ष सुरू होण्यापूर्वी एकत्र बसून वरील चार प्रश्न स्वतःला विचारावेत, अशी आमची नम्र विनंती आहे.