वार उकिरड्यावर टाकू नका

सकाळी ६. फोन वाजला. "मॅडम, गाय गाभडली. सहावा महिना चालू होता."

७. गोठ्यात पोचले तर उकिरड्यावर टाकलेली वार घरचा कुत्रा ओढत होता. आधी त्याला बांधायला लावलं, मग खांद्यापर्यंतचे हातमोजे चढवले. गाय गाभडली की ब्रुसेला पहिला तपासायचा, तो माणसालाही होतो. पण सहावा महिना आणि वार ओढणारा कुत्रा म्हटल्यावर निओस्पोराचीही शंका आली. या एकपेशीय परजीवीचा अंतिम यजमान कुत्रा. वार किंवा टाकलेला गर्भ खाल्ला की त्याच्या आतड्यात परजीवीच्या पुटी तयार होतात, विष्ठेतून वैरणीत आणि पाण्यात पडतात, तिथून गाईच्या पोटात. पुढे तर कुत्र्याचीही गरज उरत नाही, कारण गाय तो पोटातल्या वासराला देते. कालवड धडधाकट जन्मते आणि मोठी झाली की तीही पुढच्या वासराला देते. या परजीवीला नाव मिळालं १९८८ मध्ये, कुत्र्याचा वाटा सिद्ध झाला १९९८ मध्ये.

१०. दवाखाना. गाईचं रक्त बर्फाच्या डब्यातून प्रयोगशाळेकडे रवाना. मग रेतन, लसी, लंगडणारा बैल.

१२. जुलाब लागलेलं कुत्र्याचं पिल्लू. विष्ठा मिठाच्या संपृक्त द्रावणात ढवळून गाळली, नळी काठोकाठ भरली, वर काचपट्टी टेकवून ठेवली. सूक्ष्मदर्शकाखाली लांबट, पारदर्शक पुटी दिसल्या: आयसोस्पोरा. हा परजीवी कुत्र्याचाच, माणसाला होत नाही. औषध दिलं.

४. गरोदर मुलगी, सोबत सासूबाई. "मांजर सोडून द्यायचं का?" मुळीच नाही. गर्भाला बाधणाऱ्या टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीचा अंतिम यजमान मांजर हे खरं, पण पहिल्या लागणीनंतर साधारण एक-दोन आठवडेच ते पुटी टाकतं, आणि ताजी विष्ठा बाधत नाही. पुटी पिकायला किमान एक दिवस लागतो. म्हणून मांजराची विष्ठा रोजच्या रोज घरातल्या दुसऱ्या कुणी उचलावी. मटण पूर्ण शिजवा, भाजी धुवा, मातीत हातमोजे घाला. कच्च्या मटणाचा धोका लोक विसरतात आणि बिचारं मांजर घराबाहेर जातं, याचं मला फार वाईट वाटतं.

६. पुन्हा गोठ्यात. खोल खड्डा, चुना, वर मोठे दगड. मालकांनी औषध विचारलं. गाईच्या अंगातून निओस्पोरा काढून टाकणारं औषध नाही. रक्ताचा अहवाल यायचा आहे, पण खड्ड्यासाठी त्याची वाट पाहायची नसते.

गोठेवाल्या सर्वांना विनंती: वार आणि गाभडलेला गर्भ लगेच खोल पुरा, वैरण झाका, कुत्र्याला गव्हाणीपासून लांब ठेवा. त्याला मारू नका, हाकलूही नका.