चेंडूला हात न लावणाऱ्या पाचांचा मंगळवार

पहाटे पाच. ऑक्टोबरातला मंगळवार, अमेरिकेच्या मिडवेस्टमधलं एखादं मोठं विद्यापीठ. स्टेडियमलगतच्या इमारतीत दिवे लागले आहेत आणि ऑफेन्सिव्ह लाइनचा कोच पडद्यासमोर बसला आहे. शनिवारी ज्यांच्याशी गाठ आहे, त्यांच्या मागच्या सामन्यांचं चित्रीकरण तो बघतो, तेही गोलपोस्टच्या मागून उंचावरून घेतलेलं. टीव्हीवर सामना बाजूने दिसतो. त्यात चेंडू कळतो, लाइन कळत नाही. समोरच्याने कुठला पाय आधी उचलला, खांदा कुठे झुकवला, हे मागूनच दिसतं. एकच खेळी पुढे-मागे करत पुन्हा पुन्हा बघायची.

हा खेळ म्हणजे अमेरिकन फुटबॉल; तो न बघणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. आक्रमण करणाऱ्या अकरा जणांमधले पाच जण चेंडूच्या रेषेवर ओळीने उभे राहतात: मधोमध सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड, टोकांना टॅकल. अंगावर ५० ते ७९ मधले नंबर. पुढे फेकलेला पास झेलायची त्यांना नियमानेच परवानगी नाही. समोरच्याला अडवायचं किंवा रेटत न्यायचं, एवढंच काम. कबड्डीतली साखळी एकाने हात सोडला की संपते, तशीच ही ओळ एकाचं पाऊल चुकलं की फुटते आणि मागे चेंडू घेऊन खेळी चालवणारा क्वार्टरबॅक आडवा होतो. माझ्या मते संघातल्या सगळ्या सहायक कोचांमध्ये सर्वांत अवघड काम याचंच. बाकीचे एकेक खेळाडू घडवतात. याला पाच जणांकडून एका क्षणी एकच गोष्ट करून घ्यायची असते.

सात वाजता बैठक. कुणाचा घोटा सुजलाय, कुणाचा खांदा अजून धरलाय, ते आधी. मग धावून चेंडू पुढे न्यायच्या खेळी ठरतात, आणि तिथे बहुतेक वेळा याच कोचचा शब्द चालतो. दुपारपर्यंतचा वेळ सरावाचं वेळापत्रक आखण्यात आणि प्रतिस्पर्ध्यांची रचना कार्डांवर काढण्यात जातो. दुसऱ्या फळीतली मुलं ती कार्डं बघून शनिवारच्या शत्रूची नक्कल करतात.

खेळाडू सकाळभर वर्गात असतात. महाविद्यालयीन खेळांची संघटना असलेल्या एनसीएएच्या नियमानुसार हंगामात त्यांच्याकडून आठवड्याला २० तास आणि दिवसाला ४ तासांपेक्षा जास्त काम घेता येत नाही, आणि आठवड्यातून एक दिवस पूर्ण सुट्टी द्यावी लागते. कोचच्या तासांना मात्र कसलीच मर्यादा नाही. म्हणून दोन वाजता मुलं खोलीत आली की पहाटेपासून पाहिलेलं सगळं अर्ध्या-पाऊण तासात सांगून व्हायला हवं. काय गाळायचं हे ज्याला कळतं, तोच इथे चांगला शिक्षक ठरतो.

साडेतीनला मैदान. भोंगा वाजतो, दर पाच मिनिटांनी सरावाचा भाग बदलतो. लाइनची मुलं एका कोपऱ्यात, बहुतेक जण १३५ किलोंच्या वरची. आधी लोखंडी स्लेड ढकलणं. मग कमी उंचीच्या मांडवाखालून वाकून धावणं, म्हणजे कुणी उभा राहिला की डोकं वर आपटतं. “कमरेतून नको, गुडघ्यातून वाक!” हे वाक्य दिवसभरात किती वेळा उच्चारलं जातं, त्याला गणती नाही.

मग येतो दोघांचा ब्लॉक. गार्ड आणि टॅकल मिळून समोरच्या एका धिप्पाड माणसावर तुटून पडतात. कमरेला कंबर चिकटलेली, मध्ये फट नाही. हात त्या माणसावर, डोळे मात्र त्याच्या मागे उभ्या असलेल्या लाइनबॅकरवर. लाइनबॅकर ज्या बाजूने येईल त्या बाजूच्याने सुटायचं आणि त्याला गाठायचं. दुसऱ्याने पहिला माणूस एकट्याने सांभाळायचा. बोलायला वेळ नसतो. घाईने सुटला तर मागचा एकटा पडतो, उशीर केला तर लाइनबॅकर निसटतो. कोच गुडघ्यावर बसून फक्त पाय बघतो. पहिलं पाऊल जेमतेम वीतभर हवं. लांब पडलं की एक पाय हवेत असतानाच धक्का बसतो. थांबवतो, पाय हाताने धरून जागेवर ठेवतो, पुन्हा करायला लावतो.

शनिवारचा सामना परक्या मैदानावर असेल तर कर्ण्यांवर गर्दीचा गोंगाट लावतात. क्वार्टरबॅकचा आवाज ऐकू येणार नाही, म्हणून गार्ड मागे वळून त्याची खूण बघतो, सेंटरला हाताने थोपटतो, सेंटर मान हलवतो आणि ठरलेल्या अंतराने चेंडू मागे देतो. कुणी आधीच हलला तर पाच यार्डांचा दंड.

सहानंतर जेवण, आणि लगेच आजच्या सरावाचं चित्रीकरण. प्रत्येक खेळीत प्रत्येकाला गुण. मग फोन: पुढच्या वर्षांसाठी शाळकरी मुलं, त्यांचे आईवडील, त्यांचे कोच. घरी पोचायला दहा-साडेदहा.

एवढं करून नोकरीची शाश्वती नाही. मुख्य कोचला काढलं की बहुधा त्याचे सहायकही जातात, आणि डिसेंबरात घर, मुलांची शाळा, सगळं हलवावं लागतं. या कामातले आदर्श मानले जाणारे जो मूर १९८८ साली नोत्र दाम विद्यापीठात आले आणि त्याच हंगामात संघ राष्ट्रीय विजेता झाला. १९९६ नंतर त्यांना काढलं. वयामुळे काढलं म्हणून ते कोर्टात गेले आणि १९९८ मध्ये ज्यूरीने त्यांच्या बाजूने कौल दिला. शाळेत त्यांच्या हाताखाली खेळलेले कर्क फेरेन्ट्झ १९८१ मध्ये आयोवा विद्यापीठाचे लाइन कोच झाले आणि १९९९ पासून तिथलेच मुख्य कोच आहेत. २०१५ पासून देशातल्या सर्वोत्तम लाइनला मूर यांच्या नावाने पुरस्कार दिला जातो, आणि तो एका खेळाडूला नव्हे, अख्ख्या लाइनला मिळतो. २०१६ मध्ये तो फेरेन्ट्झ यांच्या आयोवाने पटकावला.

सप्टेंबर-ऑक्टोबरात आयोवात शनिवारी सकाळी अकराला सुरू होणारा सामना आपल्याकडे रात्री साडेनऊला दिसतो. कधी लावलात तर चेंडू मागे गेल्यावर पहिले दोन सेकंद त्याच्याकडे बघू नका. त्या पाचांचे पाय बघा.