रिसाल्यातून घरी आलेलं पत्र

पूना हॉर्स : १८१७ साली उभा राहिलेला रिसाला. जुना तळ घोड नदीकाठचं शिरूर. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री इथूनच सुमारे २५० स्वार पुण्याकडे निघाले आणि कोरेगाव भीमाला लढले. पहिल्या महायुद्धात या रिसाल्यात राठोड राजपूत आणि कायमखानी मुसलमान स्वारही होते.

शिलेदार : स्वतःचा घोडा घेऊन चाकरी करणारा. घोडा दुसऱ्याचा, तर तो बारगीर.

फ्रान्स : रिसाला पोचला ऑक्टोबर १९१४ मध्ये. बराच काळ घोडे मागे, स्वार खंदकात. भारतीय पायदळ बहुतांशी १९१५ अखेर मेसोपोटेमियाला हललं. रिसाले १९१८ पर्यंत राहिले.

पत्र : अनेकांना अक्षरओळख नव्हती. सांगणारा एक, लिहिणारा दुसरा. घरीही वाचून दाखवणारा तिसराच. बायकोसाठीचा शब्द इतक्या कानांवरून जाई.

सेन्सॉर : निवडक पत्रांचे उतारे इंग्रजीत उतरवले जात. आज हाती आहेत ते मुख्यतः हेच, लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत.

सांकेतिक भाषा : सेन्सॉरला चुकवण्यासाठी. ‘काळी मिरी’ म्हणजे हिंदी शिपाई, ‘लाल मिरची’ म्हणजे गोरे. मिरी संपत आली असं लिहिलं, की घरच्यांनी हिंदी शिपाई संपत आले असं समजून घ्यायचं.