द्वेषमूलक गुन्हे, महाविद्यालयीन
द्वेषमूलक गुन्हे, महाविद्यालयीन : जात, धर्म, वंश वा जन्मस्थान यांवरून एखाद्या विद्यार्थ्याला किंवा कर्मचाऱ्याला लक्ष्य करून महाविद्यालयात अथवा वसतिगृहात केलेले गुन्हे. केंद्रीय कायद्यांत ही स्वतंत्र संज्ञा नाही. महाराष्ट्रात या गुन्ह्यांचे ठळक रूप जातीय असून त्यांस मुख्यत्वे अनुसूचित जाती व अनुसूचित जमाती (अत्याचार प्रतिबंध) अधिनियम, १९८९ लागू होतो. भांडण आणि अत्याचार यांतील भेद हेतूत व शब्दांत शोधावा लागतो. जातिवाचक शिवीगाळ किंवा हेतुपुरस्सर अपमान लोकांच्या दृष्टीस पडेल अशा ठिकाणी घडला, तर तो या अधिनियमाखाली गुन्हा ठरतो. बंद खोलीत, त्रयस्थ साक्षीदाराविना उच्चारलेले शब्द बहुधा या कलमांतून निसटतात. म्हणून त्या वेळी कोण उपस्थित होते, हे त्याच दिवशी लिहून ठेवणे फार मोलाचे असते. आरोपी अनुसूचित जातीचा वा जमातीचा असेल, तर हा अधिनियम लागू होत नाही.

बारामती व इंदापूर या तालुक्यांत पीडिताचा प्रवर्ग पाहणे विशेष अगत्याचे आहे. फासेपारधी अनुसूचित जमातीत मोडतात. परंतु येथील धनगर, वडार व कैकाडी हे समाज भटक्या-विमुक्तांच्या प्रवर्गात असल्याने त्यांना या अधिनियमाचे संरक्षण मिळत नाही. अवहेलना तीच असली, तरी कायदा निराळा ठरतो. अशा वेळी भारतीय न्याय संहिता आणि महाराष्ट्र रॅगिंग प्रतिबंध अधिनियम, १९९९ यांचा आधार घ्यावा लागतो. दुसऱ्या अधिनियमानुसार तक्रार येताच प्राचार्याने सात दिवसांत चौकशी करून, सकृद्दर्शनी तथ्य आढळल्यास, विद्यार्थ्यास निलंबित करावयाचे व तक्रार पोलिसांकडे पाठवावयाची असते. हयगय करणारा प्राचार्य गुन्ह्यास साहाय्य करणारा मानला जातो. ‘आपसांत मिटवा’ हा संस्थांचा नेहमीचा सल्ला या तरतुदीशी विसंगत आहे. मुंबईच्या टोपीवाला राष्ट्रीय वैद्यकीय महाविद्यालयातील तडवी भिल्ल समाजाच्या डॉ. पायल तडवी यांनी २२ मे २०१९ रोजी आत्महत्या केली, तेव्हा तीन वरिष्ठ सहकाऱ्यांवर अत्याचार व रॅगिंग या दोन्ही अधिनियमांखाली गुन्हा नोंदविण्यात आला.

फिर्याद दोन्ही तालुक्यांत पुणे ग्रामीण पोलीस दलाच्या ठाण्यात द्यावयाची असते. हद्दीचा वाद निघाल्यास ती शून्य क्रमांकाने नोंदवून घ्यावी लागते. नोंदीपूर्वी प्राथमिक चौकशीची अट नाही. या मुद्द्यावरील वाद कराडच्या शासकीय औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालयातील एका कर्मचाऱ्याच्या तक्रारीतून उद्‌भवला होता. गोपनीय अहवालातील प्रतिकूल शेऱ्यांवरून सुरू झालेल्या त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २० मार्च २०१८ रोजी पूर्वचौकशी व अटकेपूर्वी पूर्वसंमती यांबाबत निर्देश दिले. देशभर उमटलेल्या प्रतिक्रियेनंतर त्याच वर्षी संसदेने कलम १८-अ घातले आणि १ ऑक्टोबर २०१९ रोजी न्यायालयानेही ते निर्देश मागे घेतले. नियमांनुसार तपास पोलीस उपअधीक्षकाहून खालच्या दर्जाच्या अधिकाऱ्याकडे देता येत नाही. फिर्यादीची प्रत विनामूल्य मिळते; ठाण्याने नकार दिल्यास पोलीस अधीक्षकांकडे लेखी व त्यानंतर दंडाधिकाऱ्यांकडे दाद मागता येते. संदेशांची चित्रे, वैद्यकीय दाखला व प्राचार्यांना दिलेल्या अर्जाची पोच फिर्यादीस जोडावी. महाविद्यालयाची अंतर्गत चौकशी चालू असली, तरी फिर्याद थांबवून ठेवण्याचे कारण नसते.