व्यासपीठ लंडनचे, माणसे शरणपूरची

भूगोलाच्या व्याख्यानाला इतकी झुंबड उडावी की खिडक्यांच्या काचा फुटाव्यात, हे आज कोणाला खरे वाटणार नाही. जून १८६३ मध्ये लंडनच्या बर्लिंग्टन हाउसमध्ये ते घडले. नाईलचा उगम सापडल्याचा दावा घेऊन आलेला जॉन हॅनिंग स्पीक रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीपुढे बोलणार होता.

१८३० मध्ये निघालेल्या या संस्थेचा जीव तिच्या संध्याकाळच्या सभांत होता. प्रवासी परतला की तो निबंध वाचायचा, आणि मग जाणकार त्याची उलटतपासणी घ्यायचे. तीत टिकला तर पुढच्या मोहिमेला पैसा, नाहीतर शोभा. स्पीक आणि त्याचा जुना सहप्रवासी रिचर्ड बर्टन यांचे तर हाडवैर झाले. १६ सप्टेंबर १८६४ रोजी बाथ येथे, ब्रिटिश असोसिएशनच्या सभेत दोघे समोरासमोर यायचे होते. आदल्या दुपारी शिकारीला गेलेला स्पीक स्वतःच्याच बंदुकीची गोळी लागून गेला. अपघात की आत्महत्या, यावर अजून वाद आहे.

या दोघांचे ज्याच्यावाचून आफ्रिकेत पान हलत नव्हते, त्याला मात्र बाथला कोणी बोलावले नव्हते. सिदी मुबारक बॉम्बे हा याओ जमातीचा. लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला, एका हिंदी व्यापाऱ्याच्या घरी भारतात वाढला आणि मालक वारल्यावर सुटून आफ्रिकेत परतला. स्पीक हिंदुस्थानातल्या फौजेतला अधिकारी. अरबीच्या नावाने पूज्य, पण मोडकीतोडकी हिंदुस्थानी येत होती. बॉम्बेलाही तीच येत होती. तेव्हा स्पीकने वाटेत गोळा केलेली पुष्कळशी माहिती या हिंदुस्थानीतून गाळून आलेली आहे. बॉम्बे पुढे स्टॅन्ली या आफ्रिकेतल्या दुसऱ्या प्रवाशाबरोबर गेला, तशाच कॅमेरॉनबरोबरही गेला. १८७६ मध्ये संस्थेने त्याला रौप्यपदक आणि निवृत्तिवेतन दिले.

बाथच्या सभेला आलेला आफ्रिकेतला मिशनरी-प्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन त्याच वर्षी, जून १८६४ मध्ये, मुंबईत होता. ‘लेडी न्यासा’ ही आपली छोटी आगबोट झांजीबारहून स्वतः हाकत त्याने मुंबई गाठली होती. बोटीवर दोन आफ्रिकी मुलगे होते, चुमा आणि विकाटनी. त्यांना त्याने मिशनरी डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेत घातले. सुसी नावाचा त्याचा खलाशी मुंबईच्या गोदीत कामाला लागला. १८६५ मध्ये लिव्हिंगस्टन आफ्रिकेच्या नव्या मोहिमेसाठी पुन्हा आला, तेव्हा गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांचा त्याला पाठिंबा होता. चुमा आणि सुसी यांना त्याने बरोबर घेतले आणि आणखी माणसांसाठी तो नाशिककडे वळला.

शरणपूर रोड नाशिककरांच्या तोंडी रोज असतो. त्या शरणपुरात चर्च मिशनरी सोसायटीची वसाहत होती. ब्रिटिश आरमाराने अरबी गुलामवाहू गलबतांवरून सोडवलेली आफ्रिकी मुले तिथे वाढत. इंग्रजी, बायबल, सुतारकाम, लोहारकाम असा शिक्षणक्रम. तिथल्या नऊ तरुणांना लिव्हिंगस्टनने निवडले आणि पुढे रोजनिशीत त्यांच्याबद्दल सतत कुरकुर केली: आळशी आहेत, ओझी उचलत नाहीत. मला या कुरकुरीचे नवल वाटत नाही. लिहायला-वाचायला शिकवलेल्या कारागिरांना त्याने हमाल म्हणून नेले होते.

त्या शिक्षणाचा खरा उपयोग झाला तो लिव्हिंगस्टनच्या मृत्यूनंतर. १८७२ मध्ये शरणपूरचे आणखी सहाजण त्याच्या मदतीला गेले होते. त्यांत जेकब वेनराइट होता. मे १८७३ मध्ये आजच्या झांबियातल्या चितांबोच्या गावी लिव्हिंगस्टन वारला. त्याच्या सामानाची यादी जेकबने केली. काळीज झाडाखाली पुरले तेव्हा प्रार्थना त्याने वाचली, झाडाच्या खोडावर नाव-तारीखही त्यानेच कोरली. मग वाळवलेला देह खांद्यावर घेऊन, चुमा आणि सुसी यांच्या पुढारपणाखाली, सुमारे दीड हजार मैलांची वाट तुडवत हा काफिला किनाऱ्यावरच्या बागामोयोला पोचला.

तिथून देह लंडनला आला आणि १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीत त्याचे दफन झाले. शवपेटीचे मानकरी म्हणून स्टॅन्ली आणि लिव्हिंगस्टनचा जुना सहकारी कर्क यांच्याबरोबर जेकबही होता. जिऑग्राफिकल सोसायटीचे अध्यक्ष तेव्हा फ्रिअरच होते. मिशनरी संस्थेने मग जेकबला इंग्लंडभर आपल्या सभांतून फिरवले. श्रोत्यांना लिव्हिंगस्टनचा शेवट ऐकायचा होता आणि तो सांगू शकणारा माणूस नाशिकला शिकला होता. चुमा आणि सुसी मागाहून आले, दफन उरकल्यावर. होरेस वॉलर लिव्हिंगस्टनच्या शेवटच्या रोजनिश्या संपादित करत होता. वाट कुठून कुठे गेली, हे त्याने या दोघांना बसवून विचारून घेतले. लिव्हिंगस्टन मेला त्या झोपडीची प्रतिकृतीही त्यांनी न्यूस्टेड ॲबीत उभारून दाखवली. पुस्तक त्याच वर्षी निघाले; शीर्षकपानावर चुमा आणि सुसी यांची नावे आली, पण ‘विश्वासू नोकर’ म्हणून.

जिऑग्राफिकल सोसायटीने काफिल्यासाठी पदके पाडली खरी, पण तोवर माणसे पांगली होती. शरणपूरची बरीच आफ्रिकी मंडळी मोंबासाजवळ फ्रिअर यांच्या नावाने वसवलेल्या फ्रिअरटाउनला गेली. २००७ मध्ये सोसायटीने लंडनमध्ये ‘बॉम्बे आफ्रिकन्स’ नावाचे प्रदर्शन भरवले, तेव्हा त्यांची नावे संस्थेच्या भिंतींवर लागली. जेकबने देह किनाऱ्याला नेतानाच्या त्या प्रवासात इंग्रजीत रोजनिशी लिहिली होती. १८७४ मध्येच तिचे जर्मन भाषांतर पेटरमानच्या भूगोलपत्रिकेत छापून आले. जेकबच्या हातचे मूळ इंग्रजी पान सर्वांना इंटरनेटवर वाचायला मिळाले ते २०१९ मध्ये.